कॉफी थंड होऊ न देणारा माणूस

"कॉफी मी करणार नाही," मी सायलला सांगितलं. "चाळीस येऊ देत, नाही तर चारशे. माझ्या हातची कॉफी त्या घराच्या नरड्याखाली उतरायची नाही."

सायल माझा थोरला, पलीकडच्या घरात वेगळा राहतो. साठीला टेकला, तरी माझ्यासमोर उभा राहिला की हरवलेली चप्पल शोधल्यासारखा जमिनीकडे बघतो.

"आई, असरच्या, तिसऱ्या प्रहराच्या नमाजानंतर जाहा येतेय. फव्वाज पाशा स्वतः पुढे चालणार आहेत. घरात कॉफी नाही असं झालं तर गावात तोंड कसं दाखवायचं?"

"तोंड कशाला दाखवतोस? मैसूनचा हात दाखव त्यांना."

"मैसून परत गेली नाही तर माझ्या दोघी मुलींना कोण मागणी घालणार, याचा विचार केलास का?"

"केला. तुझ्या दोघींसाठी आयदच्या मुलीचा हात मोडून घ्यायचा. पक्का हिशेबी माणूस आहेस तू."

तो पाय आपटत गेला आणि बायकोला हाक मारली. कॉफी सुनेने केली. वेलदोडे घालायला विसरली ती घाबरून, मी आठवण करून दिली नाही.

जाहा कशी असते हे आमच्याकडे पाळण्यातल्या पोरालाही कळतं. मागणारा एकटा येत नाही, गावातली वजनदार माणसं पुढे घालून येतो. म्होरक्यापुढे फिंजान ठेवतात, बिनकानाचा, दोन घोटांचा कप. तो त्याला हात लावत नाही. आपलं मागणं मांडतो आणि गप्प बसतो. घरचा कर्ता "कॉफी घ्या" म्हणाला की मागितलेलं दिलं. नाही म्हणाला की कॉफी तिथेच थंड होते, माणसं उठून जातात, आणि त्या थंड कॉफीची गोष्ट नातवंडांच्या लग्नापर्यंत त्या घराचा पिच्छा पुरवते.

माझ्या नवऱ्याने, अबू सायलने, बासष्ट वर्षांच्या संसारात एकही कॉफी थंड होऊ दिली नाही. गाव त्याचं कौतुक करतं. करणारच! त्याने जे जे दिलं ते गावाच्या घरातून थोडंच गेलं?

याच माणसाने त्रेचाळीस वर्षं या गावाला पाणी सोडलं. आमच्याकडे पाणी आठवड्यातून एकदा, गल्लीगल्लीने. कमरेइतकी उंच लोखंडी किल्ली खांद्यावर टाकून हा रस्त्यातली झाकणं उचलायचा, एका गल्लीचं पाणी बंद करून दुसरीला द्यायचा. तिथे मात्र हा माणूस त्या किल्लीहून कडक. ठाणेदार आला, निवडून आलेला आला, पाशांच्या घरून गाडी आली, सगळ्यांना एकच उत्तर, "आज तुमची पाळी नाही." आमची गल्ली यादीत शेवटची. चार पोरांच्या आंघोळी मी एका बादलीत उरकल्यात आणि त्याच पाण्याने फरशी पुसलीय. "एक दिवस आधी सोडा की," म्हटलं तर मलाही तेच उत्तर, "आज तुझी पाळी नाही, फिद्दा."

पाण्याचं ठीक होतं. माणसांपुढे "नाही" म्हणायची वेळ आली की याची जीभ टाळूला चिकटायची.

माझा धाकटा आयद. पंचवीस वर्षांचा होता. मागे घेताना एका टँकरने त्याला भिंतीशी चिरडलं. ड्रायव्हरने स्वतः कबूल केलं, दोन रात्री झोपलो नव्हतो, डुलकी लागली. तिसऱ्या दिवशी जाहा दारात. आयदचं अंथरूणसुद्धा मी उचललं नव्हतं. मी दाराआड उभी होते. म्होरके तेव्हाही फव्वाज पाशाच. ड्रायव्हरसाठी माफी मागून थांबले. माझ्या मनात आलं, आता तरी हा वेळ घेईल. निदान पावसाळी ढगाकडे बघतात तेवढा वेळ तरी. पण नाही. "कॉफी घ्या." माझा मुलगा दोन शब्दांत मिटवला.

माणसं गेल्यावर मी विचारलं, "मला एका शब्दाने विचारायचं होतं?"

"फिद्दा, त्या ड्रायव्हरलाही आई आहे."

"आणि मी कोण? शेजारीण?"

हा किल्ली उचलून कामावर गेला. त्या दिवशी खालच्या गल्लीची पाळी होती.

आयदच्या मागे त्याची मैसून राहिली, दीड वर्षांची. तिची आई पुढे लग्न करून गेली. गेली ते बरं केलं, तिला मी कधी बोल लावला नाही. पोर मी वाढवली. नर्सिंगच्या दुसऱ्या वर्षाला होती तेव्हा तिच्यासाठी जाहा आली. मुलगा कोण, कसा, कोणाला ठाऊक? मी दाराआडून खोकले. तीनदा खोकले. बाहेरचे दोघे-तिघे वळून बघायला लागले, पण ज्याने ऐकायचं त्याने ऐकलं नाही. "कॉफी घ्या."

चार वर्षं मैसून त्या घरात होती. या रमजानच्या दुसऱ्या आठवड्यात आली ती डावा हात ओढणीत गुंडाळून. मसुराच्या सारात मीठ कमी पडलं म्हणून नवऱ्याने तो दाराच्या फटीत धरला आणि दार लावलं. हाड जुळलं. बोटं अजून मिटत नाहीत. नर्स व्हायची होती ती!

आणि आज त्याच घराची जाहा. झालं गेलं विसरा, सून परत द्या.

अबू सायल आता शहाऐंशीचा. दोन वर्षं झाली, डोक्यातलं एकेक निसटतंय. मला कधी आईच्या नावाने हाक मारतो, कधी "बाई" म्हणतो. आणि रोज सकाळी विचारतो, "आज कुठली गल्ली?" निवृत्त होऊन वीस वर्षं झाली हे त्याला कोणी सांगत नाही. मीही सांगत नाही. अशा माणसाला सायल सकाळपासून शिकवत बसला होता, पोपटाला शिकवावं तसा.

"बाबा, पाशांचं बोलणं संपलं की तुम्ही काय म्हणायचं?"

"कॉफी घ्या."

"शाब्बास. पुन्हा म्हणा."

"कॉफी घ्या."

माझ्या डोक्यात तिडीक गेली. याची गरजच काय? हे शब्द तर हा झोपेतही बोलेल. बाकी सगळं विसरेल, एवढंच राहील!

दुपारी त्याच्या डोक्याला फडकं बांधायला मी बसले. काळी दोरी नीट बसवली आणि कानाशी तोंड नेलं. "अबू सायल, आयुष्यात एकदा माझं ऐका. मैसूनला देऊ नका. आयदच्या मुलीला त्या दारात परत घालू नका. ऐकताय ना?"

त्याने माझ्याकडे बघितलं. डोळे पाणचट झालेत, आत कोण आहे ते दिसत नाही.

"आज कुठली गल्ली?" त्याने विचारलं.

मी उठले.

मैसून स्वयंपाकघरात भिंतीला टेकून बसली होती. "आजी, तू भांडू नकोस," ती म्हणाली. "आजोबांची मान खाली जायला नको. मी जाईन."

"तू गप. तुझ्या आजोबांची मान ताठ ठेवायला या घराने पुरेसं दिलंय."

माणसं आली. चाळीस म्हणाले होते, पन्नासाच्या वर होती. अंगण भरलं. मी स्वयंपाकघराच्या खिडकीला डोळा लावला, शेजारी मैसून. पाशा मधोमध बसले, लष्करातून उतरून बारा वर्षं झाली तरी छाती अजून तशीच पुढे. गावात कुठलीही जाहा असो, पाशांशिवाय हलत नाही. मागे मैसूनचा नवरा, ताज्या इस्त्रीचे कपडे घालून, भिजल्या मांजरासारखा बसलेला.

सायलने वाकून पाशांपुढे फिंजान ठेवला.

पाशांनी सुरुवात केली. अल्लाची स्तुती, पैगंबरावर सलाम, अबू सायलच्या दातृत्वाची गाथा. "हे ते घर आहे, ज्याने मुलाचं रक्त माफ केलं!" पाशा गरजले. माझी नखं खिडकीच्या लाकडात रुतली. आयदला त्यांनी शिडी केलं, चढून मैसूनपर्यंत पोचायला. मग तरुण वय, सैतानाची फूस, नवराबायकोतलं भांडं भांड्याला लागणं. दारात धरलेल्या हाताबद्दल एक शब्द नाही. "आमच्या सुनेला आमच्या घरी पाठवा. तोवर ही कॉफी मी पिणार नाही."

पाशा थांबले. अंगण थांबलं.

सायल बापाच्या कानाशी वाकला. "बाबा."

अबू सायल समोरच्या फिंजानाकडे बघत होता. मग त्याचा हात निघाला, आधार शोधत. त्याने पाशांचा फिंजान उचलला, तोंडाला लावला आणि प्यायला. एक घोट, दुसरा घोट. मग रिकामा फिंजान दोन बोटांत धरून डावीउजवीकडे हलवला. बस, पुरे झाली, असं सांगायला आम्ही हलवतो तसा.

मागच्या रांगेत कोणी तरी खाकरलं. कोणी हसलं. पाशांच्या मिशीतही हसू आलं. "अबू सायल, भल्या माणसा, ती माझी होती! सायल, दुसरी ओत."

सायलने ओतली. निम्मी बशीत गेली. पाशांपुढे फिंजान ठेवला, तोच अबू सायलने त्यावर आपला पंजा पालथा घातला. लोखंडाने घट्टे पडलेला तो पंजा.

"पाशा," तो म्हणाला, आणि आवाज असा स्वच्छ की खिडकीपर्यंत आला. "आज तुमची पाळी नाही."

मैसूनने माझा दंड धरला.

अंगणातली पन्नास माणसं पाशांकडे बघू लागली. शेवटी पाशा उठले, अंगरखा झटकला. "बिचारा भ्रमिष्ट झालाय," ते सायलला म्हणाले. "हे काही उत्तर नव्हे. आम्ही पुन्हा येऊ."

तोवर मी फाटकाशी पोचले होते. बायका अशा वेळी पुढे येत नाहीत. मी आले.

"पाशा, उत्तर मिळालं तुम्हाला. पुन्हा यायची तसदी नको."

"हाज्जे, तो माणूस भानावर नाही."

"भानावर होता तेव्हा त्याने तुम्हाला माझा मुलगा दिला, माझी नात दिली. तेव्हा नाही विचारलंत, भानावर आहेस का म्हणून?"

पाशा पाठ फिरवून निघाले. त्यांच्या मागून एकेक करून सगळे निघाले. मैसूनचा नवरा सर्वांत आधी सटकला होता.

सायल अंगणात ओरडत सुटला. बाप गेला कामातून, घराची अब्रू गेली, आई वेडी झाली. ओरडू दिलं. तो माझाच आवाज घेऊन जन्मलाय, दमला की थांबेल.

मी अबू सायलजवळ जाऊन बसले. तो शांत होता. पंजावर कॉफीचं गोल ओलं वर्तुळ उमटलं होतं. मला त्याला शाबासकी द्यायची होती, खोटं का सांगू? पण तोंडातून निघालं ते वेगळंच.

"हा हात आयदच्या वेळी कुठे होता?" मी म्हटलं. "बोला! मैसूनच्या लग्नाच्या वेळी कुठे होता? सगळं विसरल्यावर सुचलं होय तुम्हाला?"

त्याने फाटकाकडे बघितलं.

"आयद आला का कामावरून?" त्याने विचारलं.

ओढणीच्या टोकाने मी त्याचा पंजा पुसला, जरा जास्तच जोरात, आणि आत गेले.

मैसून ओट्याशी उभी होती. एका हाताने तिने हरभऱ्याचा डबा कलंडला होता आणि उद्यासाठी हरभरे भिजत घालत होती. पातेलं गळ्यापर्यंत भरलं होतं.

"एवढे कशाला?" मी खेकसले. "तीन माणसांना मूठभर पुरतात."

ती डाव्या हाताने मूठभर काढायला लागली. न मिटणाऱ्या बोटांतून दाणे पुन्हा पाण्यात पडत होते. मी बघत राहिले. तिने घाई केली नाही.