फळीच्या परीक्षेत पास झालेली बंदूक

मित्रांनो, मी एक जुनी छऱ्याची बंदूक आहे. लगेच नाक मुरडू नका. फाटक्या छत्र्या आणि मोडक्या खुर्च्या रडत-रडत आपली कहाणी सांगतात, ती तुम्ही मन लावून ऐकता. मग माझीही ऐका. मी रडणार नाही. मला राग आलेला आहे आणि तो गिळायची माझी तयारी नाही.

माझा जन्म कारखान्यात झाला. लाकडी दस्ता, पोलादी नळी आणि आत स्प्रिंग. माझ्यात बारूद नसते. दाबलेल्या हवेच्या जोरावर मी शिशाचा छर्रा उडवते. विकायला जाण्याआधी माझी परीक्षा झाली. समोर मऊ लाकडाची एक फळी उभी केली. छर्रा फळीतून आरपार गेला तर मी बंदूक, मग मला परवाना हवा. नाही गेला तर मी खेळणं. एवढी सोपी परीक्षा!

आमचा कारखानदार हुशार. परीक्षेच्या दिवशी त्याने चपट्या तोंडाचा छर्रा भरला. तो फळीत रुतून बसला, तपासणीला आलेल्या साहेबांनी मान डोलावली आणि मी पास झाले. बाजारात माझ्यासोबत जी डबी गेली तिच्यातले छर्रे मात्र टोकदार होते. छऱ्याचं तोंड कसं असावं याबद्दल नियमात एक अक्षर नव्हतं. कुणी खोटं बोललं नाही, कुणी कायदा मोडला नाही. असल्या सरळमार्गी माणसांची मला फार भीती वाटते.

वसई रोडच्या एका दुकानात मी क्रिकेटच्या बॅटी आणि कॅरमबोर्ड यांच्यामध्ये टांगलेली होते. निर्मळ गावचे आल्बर्ट तिथे आले. त्यांची चिकू-केळीची वाडी होती आणि वटवाघळं त्यांचे चिकू अर्धे खाऊन अर्धे खाली टाकत. त्यांनी दुकानदाराला विचारलं, "परवाना-बिरवाना लागंल काय?"

"छे हो! खेळणं आहे. पोरांच्या हातात द्या बिनधास्त," दुकानदार म्हणाला.

त्या एका शब्दाने माझं आयुष्य ठरवलं. खेळणं म्हणून आल्बर्टनी मला घरात नेलं आणि खेळणं म्हणून दाराजवळच्या खुंटीला टांगलं. छर्रे तर गावच्या वाण्याकडे मिळत, गोळ्या-बिस्किटांच्या बरणीला चिकटून. तशी माझी बडदास्त होती. आल्बर्ट मला खोबरेल लावून पुसत, पाहुण्यांना दाखवत. "आवाज नाही, धूर नाही, काम मात्र चोख," असं माझं कौतुक करत. कौतुक कुणाला आवडत नाही? मलाही आवडायचं.

खरं म्हणजे वटवाघळं हाकलायला आल्बर्ट मला क्वचितच घेत. ते पत्र्याचा डबा बडवत, नाहीतर सुतळी बॉम्ब लावत. आवाजाने वाडी दणाणायची आणि वटवाघळं पळायची. वाडीत आणखी एक रीत होती. दुसऱ्याच्या वाडीत पाऊल टाकलं की मोठ्याने हाळी द्यायची. शेजारच्या एमिलीबाईंची मुलगी फेलिशिया रोज पहाटे बांधावरच्या सोनचाफ्याची फुलं काढायला यायची, ती बांधावरूनच ओरडायची, "काका, मी आले ओ!" आल्बर्ट आतून ओ देत. हे वर्षानुवर्षं चाललेलं.

मग अठ्ठ्याण्णव सालचा गुड फ्रायडे आला.

त्या दिवशी गावात चर्चची घंटाही वाजत नाही, लाकडी ठोकळा वाजवून लोकांना बोलावतात. कुणी रेडिओ लावत नाही, कुणी मोठ्याने हाक मारत नाही. दुसऱ्याच दिवशी हनुमान जयंती होती, म्हणून बाजारात फुलांना मागणी होती. एमिलीबाई म्हणाल्या, "फुलं काय वार बघून फुलतात? जा, पण आवाज नको करू बाय." फेलिशिया शिडी घेऊन आली, हाळी न देता झाडाला लावून चढली. इकडे आल्बर्टना चिकूत सळसळ ऐकू आली. आज डबा बडवायचा नाही, बॉम्ब लावायचा नाही. आणि मी तर आवाज न करणारी! त्यांनी खुंटीवरून मला उचललं.

दोघांनीही प्रभूच्या दुःखाचा मान राखला, मित्रांनो. दोघंही चांगली माणसं. चिकूच्या शेंड्यामागे सोनचाफ्याची फांदी होती आणि फांदीत फेलिशियाचा चेहरा होता.

ती शिडीवरून पडली तेव्हा आल्बर्टना वाटलं, वटवाघूळ पडलं. मग ती ओरडली.

उजवा डोळा गेला. फेलिशिया एकोणीस वर्षांची होती, नर्सिंगला तिचा नंबर लागला होता, पांढऱ्या बुटांची जोडीसुद्धा घेऊन ठेवली होती. कॉलेजवाल्यांनी डोळ्यांची तपासणी केली आणि गोड बोलून परत पाठवलं.

गावातले जाणते लोक म्हणाले, घरातली गोष्ट आहे, घरात मिटवा. आल्बर्ट तर जेवण सोडून बसले होते. फेलिशियाने ऐकलं नाही. डोळ्यावर पट्टी बांधून ती आईबरोबर पोलीस ठाण्यात गेली. आल्बर्ट मला जुन्या साडीत गुंडाळून मागोमाग गेले. हरेश्वर नावाचे जमादार होते, माणूस वाईट नव्हता. त्यांनी मला उलटसुलट करून पाहिलं.

"निष्काळजीपणाची केस होईल. पण हत्याराची नाही. बाई, कायद्याने ही बंदूकच नाही. हे खेळणं आहे."

"काकांना शिक्षा नकोच आहे मला," फेलिशिया म्हणाली. "हिला बंदूक म्हणा, एवढंच हवंय मला. परवाना लागला असता तर काकांनी ती घेतलीच नसती."

"माझ्या म्हणण्याने होत नाही ना ते! फळीच्या परीक्षेत पास झालेली आहे ती."

तेव्हा एमिलीबाईंचा बांध फुटला. "अवो जमादार, माझ्या पोरीचा डोळा काय फळीचा होता?"

मित्रांनो, माझ्या साऱ्या आयुष्यात मी ऐकलेला सगळ्यात शहाणा प्रश्न तो होता. आणि तोच कुणी लिहून घेतला नाही.

फेलिशियाने मात्र माझा पिच्छा सोडला नाही. वर्षभर तिने अर्ज केले, तालुक्याच्या कचेरीत चपला झिजवल्या. "हिला दुसरा उद्योग नाही," असं लोक तिच्या तोंडावर म्हणत. शेवटी कंटाळून एका साहेबांनी ठाण्याच्या अंगणात माझी पुन्हा परीक्षा घेतली. सुताराकडून फळी आणली. कारखान्याने पाठवलेला चपटा छर्रा भरला. तो फळीत अडकला. साहेब हात झटकून उठणार, इतक्यात फेलिशियाने पदराआडून एक डबी काढली.

"साहेब, हे आमच्या वाण्याकडचे. सगळ्या गावात हेच मिळतात."

टोकदार छर्रा फळीतून गेला, मागच्या भिंतीवर आपटला आणि गिलाव्याचा टवका उडाला. आल्बर्ट कोपऱ्यात उभे होते, त्यांनी तोंड झाकून घेतलं. सात वर्षं माझी फुशारकी मारणाऱ्या माणसाला त्या दिवशी कळलं, आपण काय खुंटीला टांगलं होतं.

मग चक्रं फिरली. टोकदार छर्रे विकायला बंदी आली. वाण्यांच्या बरण्यांशेजारून डब्या उचलल्या गेल्या. गिऱ्हाइकाचं नाव-गाव लिहून घेतल्याशिवाय माझ्या जातीची वस्तू विकायची नाही, असा हुकूम निघाला. बैल गेला नि झोपा केला! गावाने फेलिशियाला शाल-श्रीफळ दिलं, भाषणं झाली. एक वक्ता म्हणाला, हिच्यामुळे तालुका सुरक्षित झाला. ती खुर्चीत बसून होती. मान पूर्ण वळवल्याशिवाय तिला उजवीकडचा वक्ता दिसत नव्हता.

मला ठाण्याच्या मुद्देमालाच्या खोलीत टाकलं. गळ्यात चिठ्ठी, अंगावर गंज. आता तेल नाही की कौतुक नाही, आणि त्याचं मला दुःखही नाही. मला वाटलं होतं, निदान एवढं तरी झालं. माझ्यामुळे पुन्हा कुणाचं काही जाणार नाही.

काही वर्षांनी माझ्या शेजारी एक नवी वस्तू येऊन पडली. काळं चकचकीत पिस्तूल, अंग प्लॅस्टिकचं. मी त्याला विचारलं, तू इथे कसा? तुला परवाना नाही?

ते ऐटीत म्हणालं, "मला कशाला परवाना? तुमचा नियम टोकदार छऱ्यासाठी आहे. मी गोल मणी उडवतो, पोलादाचे. गोल मण्याला टोक नसतं आजी. मी जत्रेत फुगे फोडायला असतो, खेळणं आहे मी."

माझ्या अंगातली गंजकी स्प्रिंग आवळल्यासारखी झाली. ज्याने नियम केला त्याने टोक पाहिलं, फळी पाहिली. डोळा पाहिलाच नाही. आणि ज्याने हे पिस्तूल घडवलं त्याने आधी नियम वाचला आणि मग आखणी केली.

दाराबाहेर कुणीतरी हुंदके देत होतं. उमेळ्याच्या नव्या इमारतीत राहणारी मीरा नावाची बाई होती. तिच्या मुलीचं नाव ज्ञानदा, वय सात. त्या पिस्तुलाचा मणी डोळ्याला लागून मुलगी मुंबईच्या इस्पितळात होती. मीराच्या शेजारी फेलिशिया बसलेली होती. अशी माणसं आता तिलाच शोधत येतात. जमादार हरेश्वरांचे केस पिकले होते. ते कपाळाला हात लावून पुन्हा तेच सांगत होते, की हे कायद्याने हत्यार ठरत नाही.

मीराने विचारलं, "ताई, ह्यावर पण नियम होईल ना हो?"

फेलिशिया म्हणाली, "होईल. नक्की होईल. ज्ञानदाच्या नावाने अर्ज करू आपण." मग मान पूर्ण वळवून तिने मीराकडे पाहिलं. "मागच्या वेळी माझ्या नावाने झाला होता."

मित्रांनो, अशा कहाण्यांच्या शेवटी जुन्या वस्तू म्हणतात, आम्हाला जपा, पुसा, अडगळीत टाकू नका. मी तसं म्हणणार नाही. तुमच्या घरात माझ्या जातीचं कुणी खुंटीला टांगलेलं असेल, दुकानदाराने 'खेळणं आहे' म्हणून गळ्यात मारलेलं असेल, तर त्याला तेल लावू नका. बाबांचा हात धरा आणि आजच्या आज ते पोलिसांत देऊन या. जमादार म्हणतील, कायद्याने हे हत्यार नाही. म्हणू देत. तरी तिथेच ठेवून या. तुमच्या नावाने नियम व्हायला नको.