आईंचे फोटो पुसले कोणी

संचिता ठाकुर्लीच्या घरात शिरली तीच भांडणाची तयारी करून. घोडबंदरच्या ट्रॅफिकचा राग होताच. धाकट्या जावेनं, योगिनीनं, पुढे केलेलं पाणीही न घेता ती थेट कॉम्प्युटरसमोर बसली.

रविवारी सासूबाईंचं, विमलाबाईंचं वर्षश्राद्ध. तोवर भिंतीवर फ्रेम लागायला हवी होती, आणि फोटो सगळे योगिनीच्या या जुन्या कॉम्प्युटरवर. मागच्या महिन्यात संचितानं फोल्डर उघडला, तर एकाही फोटोत माणूस दिसेना, नुसते एकसारखे निळे चौकोन. झालं! घरच्या ग्रुपवर मेसेज पडला: "काही लोकांनी आईंना कॉम्प्युटरमधूनसुद्धा पुसून टाकलं." गावाकडच्या आत्या-माम्यांनी खाली रडके चेहरे टाकले. योगिनीच्या तळपायाची आग मस्तकात गेली, ती अजून तिथंच होती. अंथरुणाला खिळलेल्या सासूचं सगळं हिनं करायचं, आणि पुसणारीही हीच!

"ताई, हजारदा सांगितलं, डबल क्लिक केलं की फोटो उघडतो. हा बघा."

"एक उघडला. बाकीचे कुठायत?"

नवऱ्याला, विनीतला, संचिता मुद्दाम घेऊन आली होती. तो आयटीतला. त्यानं सेटिंगमध्ये डोकं घातलं.

"इथे टिक आहे. फक्त आयकॉन दाखव, फोटोची झलक नको, अशी. कोणीतरी मुद्दाम केलंय हे."

"कोणीतरी!" संचिता योगिनीकडे बघत म्हणाली.

"मे महिन्यात कॉम्प्युटर फास्ट करून देतो म्हणून कोण बसलेलं इथे, भाऊजी?"

विनीतनं चष्मा सारखा केला. "हां... स्पीडसाठी ते करावं लागतं." त्यानं टिक काढली.

आणि निळ्या चौकोनांतून विमलाबाई एकामागून एक उमटू लागल्या. पेज पिताना, केस विंचरून घेताना, खिडकीशी उन्हात. योगिनीच्या नवऱ्यानं, संदेशनं, हौसेनं काढलेले फोटो. योगिनीनं घाईनं डोळे पुसले. या बाईसमोर रडायचं नव्हतं.

"हा छान आहे. हसतायत," संचिता म्हणाली. "खांद्यावरचा तो हात तेवढा काप."

विनीतनं कापून पाहिलं. हाताबरोबर आईंचा खांदाही गेला.

"मग दुसरा घे."

दुसऱ्यात चमचा धरलेला हात, तिसऱ्यात पाठीशी टेकू दिलेला. प्रत्येकात मनगटावर तव्याच्या चटक्याचा डाग, योगिनीच्या मनगटावर होता तोच. विनीत खाली खाली जात राहिला. सगळे फोटो समोर एकत्र मांडलेले, आता लपवायला जागा नव्हती.

"एक तरी सुटा फोटो असेल की नाही?"

"आहे ना," योगिनी म्हणाली. "गणपतीत तुम्ही सेल्फी काढलेला. तुमच्या कानामागं आई अर्ध्या दिसतात. लावायचा तो?"

संचिताचा चेहरा उतरला. तिनं मोबाइल काढला, ग्रुप उघडला आणि तो मेसेज दाबून धरला.

"डिलीट नाही करायचा, ताई. खाली लिहा, फोटो मिळाले म्हणून. आणि हा हसरा फोटो टाका. हातासकट."

संचिता जागची हलेना. योगिनीनं पाण्याचा ग्लास पुन्हा तिच्यासमोर ठेवला आणि मेसेज पडेपर्यंत उठायचं नाही अशा बेतानं दारात खुर्ची ओढून बसली.