मला चुकवून गेलेली बातमी

मित्रांनो, जरा बेतानं जवळ या. मी एक म्हातारा खिळा आहे, पण माझं टोक अजून शाबूत आहे.

कुर्ल्याच्या एका लोहाराने मला घडवलं आणि लाकडी ठोकळ्यावर उभं केलं. तेव्हापासून मी बसलेलो नाही. घाटकोपरच्या 'खाडीवारा' या छोट्या दैनिकात संपादक विद्याधर साहेबांच्या टेबलावर माझी नेमणूक झाली. काम सोपं होतं. जी बातमी छापायची नाही, तिचा कागद साहेब माझ्या टोकात खोचत. जगाच्या बातम्या वर्तमानपत्र सांगायचं. उरलेल्या मला ठाऊक असत.

माझ्याकडे सर्वांत जास्त कागद आले ते सहदेव धुरींचे. धुरीकाका मूळचे मालवणकडचे, राहायला मुलुंडला. सत्तावीस वर्षं ते आमचे वार्ताहर होते. कुठे गटार तुंबलं, कुठे भजनाची स्पर्धा झाली, कुठे बकरी विहिरीत पडली, की धुरीकाका पायी हजर. पुढाऱ्यांच्या सभेला मात्र उशिरा जात. भाषण मधूनच ऐकलं तरी काही बिघडत नाही, असा त्यांचा अनुभव होता.

१९८६ साली त्यांनी कांजूरमार्गच्या एका चाळीची बातमी आणली. पाण्याच्या टाकीला झाकण नव्हतं, आत कबुतरं मरून पडली होती आणि चाळीत घरोघरी कावीळ होती. साहेबांनी ती वाचली आणि मला दिली. चाळीच्या मालकाचं फर्निचरचं दुकान होतं, आणि त्या दुकानाच्या जाहिरातीतलं कपाट रोज आमच्या पहिल्या पानावर उभं असे. धुरीकाकांनी बातमी पुन्हा लिहिली. ती पुन्हा माझ्याकडे आली. असं सहा वेळा झालं. कागदाला टोचतं हे सगळ्यांना कळतं. खिळ्याला कोणी विचारत नाही.

एका दुपारी त्या चाळीतल्या सुंदराबाई कचेरीत धुरीकाकांकडे आल्या. त्यांचा नातू काविळीने पंधरा दिवस उठला नव्हता.

"भाऊ, तुमी लिवतो म्हनला व्हता. आमी रोज पेपर बघतो. कपाटच दिसतंय."

"लिहिलं बाई. सहा वेळा लिहिलं."

"मंग कुटं हाय?"

धुरीकाकांनी माझ्याकडे पाहिलं. मी कुठे बघणार? खिळ्याला मान खाली घालता येत नाही.

त्यात धुरीकाका शुक्रवारी निवृत्त होणार होते. त्यांच्यानंतर त्या चाळीपर्यंत पायपीट करणारं कचेरीत कोणी नव्हतं. मुद्रितं तपासणाऱ्या रत्नप्रभाबाई म्हणाल्या, "सहदेव, सोड ना आता. हार घालून घे आणि घरी जा."

"माझी निरोपाची बातमी कोण लिहितंय गो?"

"तूच. इथे दुसऱ्याला वेळ कुठाय?"

आमच्याकडे तशी पद्धतच होती. निवृत्त होणाऱ्याने आपली बातमी आपणच लिहायची. ती पहिल्या पानावर यायची आणि तिला कोणी हात लावायचा नाही. माणूस स्वतःला कितीही थोर म्हणो, जाताना कशाला दुखवा?

शुक्रवारी धुरीकाकांनी कागद ठेवला. साहेबांनी वाचायला घेतला. 'आमचे वार्ताहर सहदेव धुरी आज निवृत्त झाले. त्यांची एक बातमी छापायची राहून गेली, ती अशी.' पुढे टाकी होती, कबुतरं होती, आजारी माणसांची नावं होती आणि मालकाचंही नाव होतं. धुरीकाका त्यात पुन्हा कुठे नव्हते.

"धुरी, हे काय आहे?"

"निरोप."

साहेबांनी कागद माझ्या टोकापर्यंत आणला. तिथेच थांबले. मग तो मागे घेतला, "स्वतःची स्तुती फारच कमी केलीत," असं म्हणाले आणि सही केली.

दुसऱ्या दिवशी मालकाचा फोन आला. "निरोपाच्या बातमीला हात लावायची आमच्याकडे पद्धत नाही," एवढं सांगून साहेबांनी तो ठेवला. पहिल्या पानावरचं कपाट कायमचं गेलं. चाळीची टाकी मात्र आठवड्यात धुतली गेली आणि तिला झाकण बसलं.

महिन्याने सुंदराबाई आल्या. हडकलेला, पण स्वतःच्या पायांवर चालणारा नातू बरोबर होता. धुरीकाका घरी बसलेत हे कळल्यावर त्यांनी पाण्याची बाटली साहेबांपुढे ठेवली.

"आमच्या नळाचं हाय. भाऊ न्हाईत, तर तुमी बघा पिऊन."

साहेबांनी ग्लास मागवला नाही. बाटली तोंडाला लावून ते सगळं पाणी प्यायले.

आता त्या टेबलावर नवे संपादक आहेत आणि मी खिडकीत पडदा अडवतो. मित्रांनो, माझी विनंती एवढीच. कुणाचं म्हणणं माझ्यासारख्याच्या टोकाला लावण्याआधी ते एकदा शेवटपर्यंत वाचा. मी उपाशी राहिलो तरी चालेल.