बटणाच्या काचा

माझ्या बाबांबरोबर बाजारात जाऊन कोणीतरी साधी छत्री विकत घेऊन दाखवावी. मी तर त्यांच्याबरोबर गाडी घ्यायला निघाले होते.

दोन हजार सहा साल, दिवाळी नुकतीच झालेली. ओरोसला माझा लॅब टेक्निशियनचा डिप्लोमा चालू होता. सकाळी साडेसातला रक्ताचे नमुने घ्यायला हजर राहायचं, आणि देवबागहून पहिल्या एसटीने मालवण, मग दुसरी पकडून ओरोस, असं करत मी पोचेपर्यंत नऊ वाजायचे. मॅडमनी शेवटचं सांगितलं होतं, "गौरजा, डिसेंबरपासून असंच चाललं तर परीक्षेला बसता येणार नाही." तिथे खोली घेऊन राहावं, तर आईचं मनगट मोडल्यापासून संध्याकाळचं सगळं घर माझ्या अंगावर. स्कूटरचं नाव काढलं तेव्हा आईने दुखरा हातच मला मारायला उचलला. पहाटे अंधारात पोरीने एकटीने एवढं लांब जायचं हे तिला पटणारं नव्हतं. राहता राहिली जुनी छोटी गाडी. वाटेतल्या दोन मुली पेट्रोलला हातभार लावणार होत्या. शिष्यवृत्ती, आईची भिशी आणि बाबांनी मासेमारीच्या नव्या जाळ्यासाठी ठेवलेले पैसे मिळून पन्नास हजार झाले होते. त्यात बसेल ती गाडी आणि रस्त्यात दगा देणार नाही अशी, एवढंच माझं मागणं होतं.

पहिली गाडी ओरोसच्या सरकारी क्वार्टर्समध्ये, एका कारकुनाची. पांढरी, राखलेली, एका हातची. मी चालवून बघितली, माझं मन भरलं. बाबांनी इंजिनाकडे ढुंकूनही पाहिलं नाही. ते कारकुनाच्या बायकोकडे बघत होते. तिने चहा आणून ठेवला आणि गाडीच्या टपावरची धूळ पदराने पुसली. बाबांनी चहा प्यायला, बशी खाली ठेवली आणि उठले.

"येतो आम्ही," असं शुद्ध भाषेत म्हणाले आणि चालायला लागले.

रस्त्यावर आल्यावर मी भडकले. "काय झाला काय? गाडी बरी होती!"

"गाडी बरी. पण बायलमाणसाची खुशी नाय."

"बाबांनू, आपण गाडी घेवक इलंव, सोयरीक जुळवक नाय!"

"होडी असूंदे नायतर गाडी. घरातल्या बायलमाणसान दिली तरच घेवची," ते म्हणाले आणि एसटीला हात दाखवला. एसटी काही थांबली नाही.

ही त्यांची जुनी खोड. होडी घ्यायला गेले तरी नाखव्याशी भाव ठरवायच्या आधी त्याच्या बायकोशी बोलून यायचे. वाडीत लोक हसायचे. मीही हसायचे, पण तेव्हा माझं वर्ष पणाला लागलेलं नव्हतं.

दुसरी गाडी कुडाळला. ती माझी मीच सोडली. अंगावर नवा कोरा रंग आणि मागून निळा धूर, म्हणजे वरून कीर्तन आतून तमाशा. त्यात आणखी एक आठवडा गेला. रात्री मला झोप लागेना. दिवसा वर्गात पेन हातात फिरवत बसायचे. बाबा मात्र रोज समुद्रावर जाऊन येत होते आणि 'गावात गो, गावात', म्हणजे 'मिळेल गं, मिळेल', एवढंच बोलत होते. त्या 'गावात गो'चा मला इतका राग यायचा की विचारू नका.

मग खारेपाटणहून निरोप आला. तिथे भाई म्हणून एक जुन्या गाड्यांचा धंदा करणारे होते. त्यांच्या वखारीमागे आंब्याखाली एक लाल गाडी उभी होती, फारशी जुनी नसलेली. कंपनीचं नाव सांगत नाही, त्यांचा बिचाऱ्यांचा काही दोष नव्हता. किंमत चाळीस हजार. एवढ्या नव्या गाडीला एवढी किंमत म्हणजे कुठेतरी पाणी मुरतंय हे मलाही कळत होतं. पण मी आत बसले, दारावरचं बटण दाबलं, आणि काच आपोआप खाली गेली.

आमच्या घराच्या खिडक्यांना लाकडी झडपा. पावसात फुगल्या की दोघांनी मिळून ओढायच्या. मी परत बटण दाबलं, काच वर आली. खाली, वर, खाली, वर. इतर तीन दारांची बटणं मेलेली होती.

"वायरिंगचा किरकोळ काम आसा," भाई म्हणाले.

मी सीटचा पट्टा पूर्ण ओढून बघितला. वर्तमानपत्राच्या पुरवणीत वाचलं होतं की जुनी गाडी घेताना पट्टा शेवटपर्यंत ओढून बघावा. शेवटच्या वीतभर भागावर मातकट रेघ होती. मी पट्टा मुकाट्याने सोडून दिला.

तेवढ्यात बाबांनी मागची डिकी उघडून तिथला गालिचा उचलला होता. खालची वाळकी माती बोटावर घेऊन त्यांनी चोळली.

"ही बुडलेली आसा."

भाईंनी उगाच खोटं बोलायचा प्रयत्न केला नाही. "व्हय. गेल्या वर्षीच्या मुंबैच्या पुरातली. म्हणान तर चाळीस. इंजिन खोलून धुतलेला आसा, माझी जबाबदारी."

"बुडली म्हणजे मेली नाय, बाबांनू," मी घाईघाईने म्हटलं. "आपलां इंजिन दोनदा समुद्रात पडला. गोड्या पाण्यान धुतलां, डिझेल घातलां, चालू झाला. झाला की नाय?"

"ता माका शिकव नको. इंजिनाचा मी बघतंय." बाबा भाईंकडे वळले. "भाई, आत कोण होतो?"

"म्हणजे?"

"गाडी बुडली तेव्हा आत कोण होतो?"

भाई माझ्याकडे बघायला लागले, जसं काही मीच बाबांना हे शिकवून आणलं होतं. "ता मी कशाक इचारू? माका गाडी गावली, मी घेतली."

"मग आता इचार."

माझ्या डोक्याची शीर तडतडायला लागली. ऊन चढलेलं, परतीची एसटी थोड्याच वेळात सुटणार, चाळीस हजारात गाडी समोर उभी, आणि आमचे तीर्थरूप चौकशी आयोग उघडून बसलेले! मी म्हटलंसुद्धा, "आता हेच्यातय बायलमाणसाची खुशी बघतल्यात?"

"बघतलंय," बाबा म्हणाले.

नाव बदलायच्या कागदांवर मूळ घरातल्या सह्या अजून व्हायच्या होत्या, त्यामुळे भाईंकडे नंबर होता. मोबाईलला रेंज फक्त विहिरीपाशी. तिथे जाऊन त्यांनी नंबर लावला आणि बाबांपुढे धरला. बाबांनी तो माझ्या हातात दिला. "तू बोल. तू शुद्ध बोलतंस."

पलीकडे एका बाईचा आवाज आला. मी म्हटलं, मी सिंधुदुर्गातून बोलतेय, तुमची लाल गाडी आम्ही बघायला आलो आहोत.

तिने विचारलं, "चालते ती?"

"हो. आत्ताच चालू करून बघितली."

"मला वाटलं, भंगारात गेली असेल."

आता पुढचं विचारायचं होतं. मी बाबांकडे पाठ केली, तरी ते मागे उभे आहेत हे कळत होतं. "माझे वडील विचारतायत... गाडी बुडाली तेव्हा आत कोण होतं?"

"हे इतक्या दिवसांत कोणीच विचारलं नाही," ती म्हणाली. तिचा आवाज अगदी साधा होता. "माझा नवरा होता. पाणी चढलं, तसं दार ढकलून उघडेना. आणि काचा बटणाच्या. पाण्याने बटणं बंद पडली. सकाळी लोकांनी गाडी दोर लावून ओढली."

माझ्या बोटाला त्या बटणाचा स्पर्श अजून लागून होता, आणि ते बोट कुठे पुसू असं मला झालं.

बाबा काही ऐकू शकत नव्हते. भाईही नाहीत. 'कोणी नव्हतं' म्हटलं असतं तर काम झालं असतं. गाडी माझी, परीक्षा माझी, डिसेंबर माझा. हे माझ्या मनात आलं, आणि चांगलं घट्ट बसून राहिलं. पण बाबा वळसा घालून समोर आले आणि माझ्या तोंडाकडे बघायला लागले. माझं तोंड मला कधी लपवता आलेलं नाही.

"त्यांचो घोव होतो," मी म्हटलं. "आतमधी."

बाबांनी डोक्याची टोपी काढून काखेत धरली आणि फोन घेतला. आयुष्यात पहिल्यांदाच मी त्यांना इतकं लांबलचक शुद्ध बोलताना ऐकलं.

"बाई, मी देवबागचा विश्राम. माझा भाऊ लवू होडी घेऊन गेला. होडी परत आली, तो नाही आला. ती होडी मी वहिनीकडे मागितली. तिने दिली म्हणून आज चालवतो. तुम्ही देत असाल, तर माझी मुलगी या गाडीतून शिकायला जाईल. देत नसाल, तर आम्ही एसटीने जातो. राग नाही."

होडी लवूकाकांची होती हे मला ठाऊक होतं. नारळी पुनवेला आमच्या होडीवरचा नारळ काकीच्या हातचा असतो, हेही लहानपणापासून बघत आले होते. मला वाटायचं, मोठी म्हणून तिचा मान. बाबांनी होडी मागितली होती आणि काकी नाही म्हणाली असती तर ती किनाऱ्यावरच कुजली असती, हे मला त्या विहिरीपाशी पहिल्यांदा कळलं. कारकुनाच्या बायकोने पदराने पुसलेला टप आठवला. मला रडायला आलं, आणि भाईंसमोर रडायचं नव्हतं म्हणून मी विहिरीत डोकावून बघत राहिले.

बाबा ऐकत होते. "हो," म्हणाले. मग "व्हय, व्हय," म्हणाले. मग कठड्यावर बसले. शेवटी फोन माझ्याकडे दिला. "तुका कायतरी सांगता ती."

"काय शिकतेस?" तिने विचारलं.

"लॅब टेक्निशियन."

"गाडी तूच चालवणार?"

"हो."

"मग घे. सह्या करून पाठवते. पण ती बटणं काढून टाक. हाताने फिरवायच्या काचा बसव. चारही दारांना."

मी मान हलवली. फोनवर मान हलवून काही उपयोग नसतो हे जरा उशिरा लक्षात आलं. "बसवते," मी म्हटलं.

"आणि बसवल्या की मला फोन कर."

भाईंनी डोक्याला हात लावला. हातानं फिरवायच्या काचा काढून लोक बटणं बसवतात, तुम्ही उलटं काय करताय, म्हणे. मालवणच्या मेकॅनिकनेही तेच विचारलं, वर पैसे खर्चून गाडीची किंमत कमी करणारं गिऱ्हाईक त्याने पहिल्यांदाच बघितलं होतं. उरलेले पैसे सगळे त्यातच गेले. इंजिन बाबांनी शेजारी बसून परत एकदा खोलून घेतलं, एकेक तुकडा स्वतः पुसला. काचांची हँडलं कोल्हापूरच्या जुन्या बाजारातून आली. दोन काळी, एक राखाडी आणि एकाची मूठच गायब. हॉर्न डावीकडे वळताना आपला आपण वाजायचा, तो शेवटपर्यंत कोणाला बरा करता आला नाही. पण गाडी पहिल्या चावीला चालू व्हायची.

एक डिसेंबरला पहाटे अंधारात मी गाडी अंगणात काढली. आईने चाकाखाली लिंबू ठेवला. काकी नारळ घेऊन आली, कोणी बोलावलं नव्हतं तरी. बाबा होडीवर गेलेच नव्हते. त्यांनी मासळीच्या व्यापाऱ्यांशी बोलायचा आपला मोबाईल माझ्या हातात दिला.

"एवढ्या सकाळी?" मी म्हटलं.

"ती जागी आसतली," बाबा म्हणाले.

ती जागीच होती. पहिल्या रिंगला तिने उचलला. मी म्हटलं, बसवल्या काचा, आज पहिला दिवस, निघतेय.

"फिरव," ती म्हणाली.

"काय?"

"हँडल फिरव. फोन जवळ धर."

मी माझ्या दाराजवळ फोन धरला आणि हँडल फिरवलं. काच कुरकुरत पूर्ण खाली गेली. बाहेरून खाडीचा वारा आत आला. फोन कानाला लावला तर तिचा श्वास तेवढा ऐकू येत होता.

"बाकीच्या?"

मी खाली उतरले. दुसऱ्या दारापाशी गेले, फिरवली. तिसऱ्या दारापाशी गेले, फिरवली. चौथ्याला मूठ नव्हती, तिथे बाबा पुढे झाले आणि दोन बोटांच्या चिमटीत पकडून त्यांनी ती काच सावकाश, अगदी खालपर्यंत नेली. मी फोन त्यांच्या हातापाशी धरून उभी होते.

"चारही झाल्या," मी म्हटलं.

"ऐकलं," ती म्हणाली. "आता नीघ बाळा, तुला उशीर होईल."