काढून टाकायची शेळी

मी शेळी बोलतेय. दचकू नका, मी लेंड्या टाकत नाही. धायरीच्या तनयाने टॅबलेटवर काढलेली शेळी आहे मी, आणि माझा जन्मच मुळी काढून टाकलं जाण्यासाठी झाला.

तनया चित्रकार. कुणाच्या नोकरीत नाही. घरी बसून लोकांची पाकिटं, पुस्तकं, कॅलेंडरं सजवते. त्यामुळे सोसायटीत तिला दोनच प्रश्न विचारतात : "अजून कुठे लागलं नाही का?" आणि "रिकामीच आहेस, तर आमचा गणपतीचा फलक रंगवून देतेस?"

मला जन्माला घालण्याची कल्पना तिच्या बाबांची. ते तेहतीस वर्षं सरकारी कचेरीत कारकून होते. एकदा म्हणाले, "तनू, साहेबापुढे निर्दोष मसुदा कधी ठेवू नये. दुरुस्ती केल्याशिवाय त्याला जेवण जात नाही. एक ढळढळीत चूक ठेवायची. तो तिच्यावर लाल रेघ मारतो, आपली चांगली वाक्यं सुटतात."

तेव्हापासून प्रत्येक चित्राच्या कच्च्या प्रतीत मी असते. लोणच्याच्या बरणीवर चढले, दंतवैद्याच्या खुर्चीत बसले. गिऱ्हाईक चित्र बघतं आणि म्हणतं, "बाकी ठीक. ती शेळी काढा." काय समाधान असतं त्या आवाजात! चित्रकलेतलं आपल्याला कळतं, असं.

मग मार्केट यार्डातल्या संतोषशेठांचं कॅलेंडर आलं. त्यांना आपल्या कांदा-लसणाच्या गाळ्याचं चित्र हवं होतं. तनया दोन दिवस सकाळी तिथे जाऊन बसली आणि तिची नजर लसूण निवडणाऱ्या सुंदराबाईंवरच खिळली. समोरचे दोन दात पडलेले; हसल्या की चेहराभर सुरकुत्या.

"काढ गं," सुंदराबाईंनी बजावलं, "पर गोरी-बिरी करू नगंस. नातीच्या लग्नात त्या फोटूवाल्यानं मला अशी गुळगुळीत केली, मीच मला वळखलं न्हाई."

"आहात तशाच काढीन," तनयाने शब्द दिला.

तो पाळायचं काम माझ्याकडे. तिने मला लसणाच्या ढिगावर उभं केलं आणि चित्र पाठवलं. शेठांचा फोन आला.

"मॅडम, शेळी एक नंबर! मिसेसना पण आवडली. फक्त त्या मावशींना जरा तरुण करा. दात बसवा. बारा महिने भिंतीवर राहायचंय, प्रसन्न वाटलं पाहिजे."

आयुष्यात पहिल्यांदा मी कुणाला पसंत पडले, तेही नको त्या वेळी. खोटं कशाला बोलू, गुदगुल्या झाल्या. मग तनयाचं तोंड बघितलं आणि लाज वाटली. आता एक तर काम सोडायचं, नाहीतर शब्द मोडायचा.

बाबांनी शांतपणे चष्मा पुसला. "साहेबाने चूक पचवली म्हणजे चूक लहान पडली. वाढव."

तनयाने मला दुप्पट केलं, मान लांबवली आणि गाळ्यावरची पाटी माझ्या तोंडात दिली. तिच्यावर शेठांच्या वडिलांचं नाव. अर्धं मी खाल्लेलं.

दहाव्या मिनिटाला फोन. "अहो मॅडम, ती आमच्या वडिलांना खातेय! काढा, आधी ती शेळी काढा!"

"तुम्ही म्हणाल तसं. बाकी काही?"

"बाकी राहू द्या हो! शेळी काढा आणि छापायला पाठवा!"

मी गेले. वडील अखंड झाले, आणि सुंदराबाई दोन दात कमी ठेवूनच छापल्या गेल्या.

हल्ली माझा मुक्काम तनयाच्या टॅबलेटमध्ये, 'चुका' नावाच्या फोल्डरात असतो. तक्रार नाही. एकच विनंती : चित्रात कुठे शेळी दिसली तर खुशाल हाकला, पण जोरात हाकला. मागे कुणाच्या तरी सुरकुत्या वाचत असतात.

परवा तनया सुंदराबाईंना कॅलेंडर द्यायला गेली. तिच्या पिशवीत टॅबलेट होता, म्हणजे मीही होते. सुंदराबाईंनी कॅलेंडर लांब धरलं, खूप वेळ बघितलं.

"मीच हाय की गं!" त्या हसल्या. मग लसणाच्या ढिगावर बोट टेकवून म्हणाल्या, "पर हितं लई मोकळं दिसतंय. एखादं शेरडू-बिरडू बसवायचं व्हतंस."