गुलाबी येईपर्यंत

"अहो, हीटरचं बूच हेच ना?" मोटरहोमच्या बाजूचं झाकण उघडून उत्तराने पान्याने आत दाखवलं.

"हो," पुरुषोत्तमराव म्हणाले.

त्या 'हो'वरून काही कळत नव्हतं. उन्हाळ्यात अर्धांगवायूचा झटका आला, उजवी बाजू लुळी पडली आणि तोंडात तेवढा एकच शब्द उरला. चहा हवा का, तर हो. नको का, तरी हो. नशिबाने बूच तेच होतं. पाणी भसाभस ड्राइव्हवेवर आलं आणि उत्तरा टुणकन मागे सरली.

अमेरिकेतल्या त्या पिस्कॅटवेत रात्री कडाक्याची थंडी पडणार होती. या चाकांवरच्या घराच्या नळ्यांत पाणी राहिलं तर त्याचा बर्फ होऊन नळ्या फुटतात. म्हणून थंडीच्या तोंडावर सगळं पाणी काढायचं आणि नळ्यांत न गोठणारं गुलाबी अँटिफ्रीझ भरायचं. आजवर हे खातं पुरुषोत्तमरावांचं. उत्तरा मदतीला आली की ते म्हणायचे, "तू चहा टाक." लायब्ररीत नोकरी करणाऱ्या बाईला पाना कशाला द्यायचा, असा त्यांचा हिशोब. व्हीलचेअरमध्ये गोधडी पांघरून बसल्या बसल्या त्यांना त्या हिशोबाची आता लाज वाटत होती.

पायरीवरचा फोन वाजला. टेक्सासहून सिद्धेश होता. उत्तराने स्पीकर लावला.

"आई, कशाला हा त्रास? गाडी विकून टाक ना. मी बाबांना विचारलं, ते हो म्हणाले."

"ते सगळ्यालाच हो म्हणतात रे."

"पण त्यांना कळतं सगळं. डॉक्टरच म्हणाले."

"कळतं. बोलता येत नाही."

मुलगा वाईट नव्हता, काळजीनेच बोलत होता. "ओके, मग डील करू. हिवाळ्यात काही फुटलं, तर स्प्रिंगमध्ये विकायची. रिपेअर कोण करत बसणार?"

"चालेल," उत्तरा म्हणाली आणि बाही सरसावून आत गेली.

तिने हीटरकडे जाणारी पाण्याची वाट बंद केली, अँटिफ्रीझच्या कॅनमध्ये नळी सोडली, पंप चालू केला. मग एकेक नळ. आधी खाकरल्यासारखा आवाज, मग साधं पाणी, मग गुलाबी. कंपनीचं पुस्तक बेसिनवर उघडं ठेवून ती आतून ओरडून सांगत होती, "किचन, गुलाबी. बेसिन, गुलाबी. शॉवर, गुलाबी. फ्लशही गुलाबी हं." पुरुषोत्तमरावांनी एवढी वर्षं हे काम केलं, पण इतकं नीट कधी केलं नव्हतं. बायकोचं त्यांना मनापासून कौतुक वाटलं.

"झालं बाई एकदाचं." पंप बंद करून ती हात पुसत बाहेर आली. आणि पुरुषोत्तमरावांना एकदम आठवलं.

टॉयलेटचा स्प्रे. तो कंपनीच्या पुस्तकात कुठून असणार? तो त्यांनी स्वतः बसवला होता. निम्मी अमेरिका पालथी घालू, पण कागदावर भागवणार नाही, अशी त्यांची प्रतिज्ञा होती. बाहेरून आल्यावर पायही धुता यावेत म्हणून नळी चांगली दारापर्यंत लांब घेतली होती. तिच्यात आता पाणी भरलेलं होतं.

"हो," ते म्हणाले. "हो, हो."

"थंडी वाजते? चला आत."

त्यांनी मान जोरात हलवली आणि चालता डावा हात खाली नेऊन धुतल्यासारखी खूण केली.

"अगोबाई, लागली का? चला, चला." ती खुर्ची वळवायला लागली. त्यांनी चाक घट्ट धरलं, गाडीकडे बोट दाखवलं आणि पुन्हा तीच खूण केली.

"तिथे कसं जमेल? पायऱ्या आहेत. घरात चला ना."

त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं. मग त्यांनी मूठ उचलली आणि अंगठा दाबला. सोडला, पुन्हा दाबला.

उत्तरा त्या अंगठ्याकडे बघत राहिली. "स्प्रे," ती हळूच म्हणाली. "अहो, तुमचा तो स्प्रे." आणि ती हसायलाच लागली, डोळे पुसत पुसत हसली.

तिने पंप पुन्हा चालू केला, स्प्रे ओढत दारापर्यंत आणला आणि पायरीवरून खाली वाकून त्यांच्या डाव्या हातात दिला.

"तुम्हीच दाबा. तुमचं खातं आहे."

त्यांनी अंगठा दाबला. स्वच्छ पाणी आलं, मग फुसफुसत हवा, मग पुन्हा पाणी. त्यांनी अंगठा सोडला नाही. उत्तराने हात पुढे केला नाही, फक्त बघत उभी राहिली. अखेर गुलाबी धार आली आणि ड्राइव्हवेवर, थोडी त्यांच्या बुटांवरही पडली.

"स्प्रे, गुलाबी," ती म्हणाली. मग पायरीवर बसून फडक्याने त्यांची बोटं एकेक करून पुसू लागली. "थंडी सरली की निघायचं?"

"हो," पुरुषोत्तमराव म्हणाले. या वेळी जे म्हणायचं होतं तेच तोंडातून आलं होतं.