बाहेरचं सामान

सुहासने फोनवर आईला दोन गोष्टी पुन्हा पुन्हा सांगितल्या होत्या. एक, ज्याच्यावर नंबराची चिठ्ठी नाही ते ट्रकमध्ये चढवू द्यायचं नाही. दुसरी, जे आपल्यासोबत न्यायचं ते आदल्या दिवशीच एका खोलीत ठेवायचं आणि खोलीला कुलूप घालायचं, म्हणजे पॅकर्सवाल्यांचा हात चुकूनही त्याला लागणार नाही. सुहास बडोद्याला एका कारखान्याच्या स्टोअरमध्ये होता. सामान कसं हरवतं ते तो रोज बघत होता.

"लोक चोरत नाहीत गं आई," तो म्हणाला, "एखादी वस्तू कुणाच्या मोजणीतच नसते, म्हणून ती जाते."

"बरं," इंदुबाई म्हणाल्या.

यजमान कमळाकर गेल्यापासून त्या सगळ्यांना नुसतं 'बरं' म्हणत होत्या. कंपनीने क्वार्टर सोडायला सांगितलं, तेव्हा बरं. सुहास म्हणाला बडोद्याला चल, तेव्हा बरं. दहाव्याला भटजींनी जे जे करायला सांगितलं त्याला बरं. रडू आलं नव्हतं. शेजारच्या बायका म्हणत, धक्का बसलाय, येईल हळूहळू. इंदुबाई वाट बघत होत्या, पण ते काही येत नव्हतं.

रोह्याच्या त्या क्वार्टरमध्ये दोन खोल्या आणि स्वयंपाकघर होतं. सुहासने सांगितलं तसं त्यांनी आतल्या लहान खोलीत सोबत न्यायचं सामान ठेवलं. देव, औषधं, बँकेची पुस्तकं, दागिन्यांचा डबा, दोन लुगडी आणि कमळाकरांचा चष्मा. मग कुलूप लावून किल्ली मंगळसूत्र असायचं तिथे गळ्यातल्या दोऱ्यात ओवली.

फक्त एक वस्तू त्या खोलीत ठेवता आली नाही. तो तांब्याचा लोटा होता. तोंडाला पांढरं फडकं घट्ट बांधलेला. कमळाकरांच्या अस्थी घरात आणायच्या नाहीत, म्हणून पहिल्या दिवसापासून तो दारासमोरच्या जांभळीच्या फांदीला टांगलेला होता. सुहासची रजा संपली म्हणून विसर्जन राहून गेलं होतं. आता ठरलं होतं की सुहास रविवारी गाडी घेऊन येईल, आईला घेईल, लोटा घेईल आणि जाताना भरूचला नर्मदेत अस्थी सोडील. रविवारपर्यंत इंदुबाई शेजारच्या साबिराकडे राहणार होत्या. लोटा रविवारपर्यंत झाडावरच बरा होता. तिथे त्याला कोण हात लावणार?

शुक्रवारी ट्रक आला. पॅकर्सवाल्यांचा मुकादम साताऱ्याकडचा हैबतराव नावाचा मिशाळ माणूस होता. त्याचे चार गडी कुठून कुठून आलेले, त्यांना मराठी धड येत नव्हतं. हैबतराव दारातच म्हणाला, "मावशी, काळजी सोडा. आमच्या हातनं चमचा जायचा न्हाय. खोलीखोलीनं जातो आम्ही. एक खोली संपल्याबिगर दुसरीला हात न्हाय."

आणि खरोखरच ते तसंच करत होते. पलंग सोडवला, त्याच्या पट्ट्या एकत्र बांधल्या, चिठ्ठी लावली, कागदावर लिहिलं. कपाट गोधडीत गुंडाळलं, चिठ्ठी लावली, लिहिलं. भांड्यांच्या खोक्यांवर इंदुबाईंनी स्वतः चिठ्ठ्या चिकटवल्या. पूर्वी त्या बालवाडी चालवत तेव्हा सहलीला निघताना पोरांच्या डोक्यावर हात ठेवून मोजत. तसाच त्या आता प्रत्येक खोक्यावर हात ठेवत होत्या.

साबिरा चहा घेऊन आली. "ताई, बसा की जरा. तुमचं सामान काय पळून चाललंय?"

"सुहासने सांगितलंय, लक्ष ठेव."

"सुहास काय, तिकडं बसून इकडची माशी पण मोजील."

गडी हसले. इंदुबाईंनीही हसल्यासारखं केलं.

खोल्या रिकाम्या झाल्यावर हैबतरावाने विचारलं, "आता बाहेरचं काय काय न्यायचं, मावशी?"

बाहेर तुळशीची कुंडी, सायकल, कपडे वाळवायची तार आणि पाण्याचं पिंप होतं. इंदुबाई कुलपाच्या खोलीपाशी बसल्या होत्या. "बाहेरचं सगळं घ्या," त्या म्हणाल्या, "आतलं एवढं सोडून."

ट्रक गेला. साबिराने घर झाडायला घेतलं. इंदुबाई दाराशी आल्या. जांभळीखाली पिवळा, गुळगुळीत कागद पडला होता. नंबराची चिठ्ठी सोलून काढल्यावर मागे उरतो तो. त्यांनी तो उचलला, मग वर बघितलं. फांदीला सुतळीचा कापलेला तुकडा लोंबत होता.

साबिरा झाडू घेऊन बाहेर आली, तिने त्यांचं तोंड बघितलं, मग वर बघितलं.

"या अल्ला," ती म्हणाली. "भाऊजींना घेऊन गेले?"

इंदुबाईंनी मान डोलावली.

साबिराने झाडू टाकला आणि रस्त्याकडे धावत हाका मारल्या. तिचा दीर नझीर इको गाडी चालवायचा, दुपारी घरीच असायचा. इंदुबाईंनी हैबतरावाला फोन लावला. घंटी वाजत राहिली. मग सुहासला लावला.

"यादीत आहे ना पण?" सुहासने पहिलं हेच विचारलं. मग म्हणाला, "आई, तू खोलीत का नाही ठेवलंस?"

"घरात कसं ठेवायचं?"



नझीर आला. हैबतराव चहा पिताना म्हणाला होता की अर्धा ट्रक तुमचा, अर्धा दुसऱ्यांचा. पेणला कुंभार आळीत एका नव्या नवरीचा संसार भरायचा, ती सुरतेला चाललीय. तेवढाच धागा होता. तिघं निघाली. नागोठणं गेलं. इंदुबाई पुढे बसल्या होत्या, हातात तो पिवळा कागद होता. रस्त्यावर खड्डे होते.

"काकी, ट्रक पेण सोडून गेला तर?" नझीरने विचारलं.

"गप रे, नको तिथं तोंड," मागून साबिरा म्हणाली.

इंदुबाई मात्र त्याच प्रश्नाचा विचार करत होत्या. पनवेल, मग घोडबंदर, मग गुजरात. लोटा कुठल्यातरी गोदामात तुळशीशेजारी ठेवलेला. कुणी तरी फडकं सोडून आत बघणार आणि सांडून टाकणार. माणसाचं तेवढंच उरलं होतं आणि ते राखायचं काम त्यांचं होतं. हे त्यांना नीट कळत होतं, आणि तरी छातीत काही हलत नव्हतं. जणू दुसऱ्याच कुणाचं हरवलं होतं आणि त्या सोबत म्हणून चालल्या होत्या.

कुंभार आळीत ट्रक उभा होता. पण सामान चढत नव्हतं. नवं कपाट, नवा फ्रिज, जरीच्या कागदात बांधलेली भांडी, सगळं रस्त्यावर होतं आणि हिरवं लुगडं नेसलेली एक बाई कमरेवर हात ठेवून हैबतरावाच्या अंगावर ओरडत होती.

"माझ्या पोरीचा संसार तुझ्या त्या ट्रकात जाणार नाय! सांगितलं ना एकदा! दुसरी गाडी आण."

"अहो बाई, काढलं की ते. गाडी पाण्यानं धुतली."

"गोमूत्र शिंपडलंस का?"

"आता गोमूत्र कुठनं आणू मी?"

"मग उभा ऱ्हा तसाच."

सामान लावायला ट्रकचं मागचं दार उघडलं, तेव्हा तोंड बांधलेला लोटा पुढेच होता. गड्यांना कळलं नव्हतं, पण आळीतल्या बायकांना बघताक्षणी कळलं होतं. कुणी त्याला हात लावायला तयार नव्हतं. शेवटी हैबतरावानेच तो उचलला आणि कुठे ठेवायचा ते न कळून आळीच्या टोकाला, गणपतीच्या मूर्तींच्या कारखान्यापलीकडे, बदामाच्या झाडाला बांधला. घरात तर नेता येत नव्हता आणि जमिनीवर ठेवायला त्याचंही मन धजेना.

इंदुबाईंना बघून तो धावत आला. "मावशी, माफ करा. गड्यानं काढला, मला कळलंच न्हाय. म्या लिहून घेताना नुसतं तांब्याचा लोटा म्हणलं."

"मीच सांगितलं, बाहेरचं सगळं घ्या म्हणून," इंदुबाई म्हणाल्या.

हिरव्या लुगड्याची बाई पुढे आली. तिचा आवाज एकदम उतरला होता. "तुमचे मालक का?"

"हो."

"रागवू नका हां. मी कृष्णाबाई. पोरीचं पहिलंच बिऱ्हाड हाय. मला बोलायलाच लागलं."

"तुमचं बरोबर आहे. मी पण बोलले असते."

कृष्णाबाईने पाणी आणून दिलं. पेला त्यांच्या हातात न देता कट्ट्यावर ठेवला. इंदुबाई तो उचलून पाणी प्यायल्या. हैबतरावाने कागद आणला. एक वस्तू कमी केल्याची सही करायची होती. त्यांनी सही केली. मग झाडापाशी जाऊन लोटा सोडला. तो त्यांना वाटला होता त्यापेक्षा हलका होता. तो मांडीवर घेऊन त्या गाडीत बसल्या. नझीरने खिडक्या उघडल्या. साबिराने डोक्यावर ओढणी घेतली.

सुहासचा फोन आला. "मिळाला? हां. आई, आता नीट ऐक. परत जा आणि त्याच झाडाला बांध. साबिरामावशीला सांग, रविवारपर्यंत तिने लक्ष ठेवायचं. रात्री एकदा फोटो पाठव."

"बरं," इंदुबाई म्हणाल्या.

गाडी वडखळच्या फाट्याला आली. समोरचा रस्ता नागोठण्याला, रोह्याला जात होता. उजवीकडचा अलिबागला, धरमतरच्या खाडीवरून.

"नझीर, उजवीकडे घे."

"काकी, रोहा सरळ."

"माहीत आहे. धरमतरला घे."

नझीरने आरशातून वहिनीकडे बघितलं. साबिराने मान डोलावली. त्याने गाडी वळवली.

खाडीला भरती होती. धक्क्यावर कोळशाचे बार्ज लागले होते, क्रेनचा आवाज येत होता. पुलाच्या अलीकडे एक पायवाट पाण्यापर्यंत उतरत होती. नझीर गाडीपाशी थांबला. साबिरा अर्ध्या वाटेपर्यंत आली आणि तिथेच उभी राहिली. इंदुबाई एकट्याच खाली गेल्या. फडक्याची गाठ सुटेना, म्हणून त्यांनी ती दातांनी सोडवली. पाण्यात गुडघ्यापर्यंत उतरल्या आणि लोटा तिरका केला. भटजी नव्हते, दर्भ नव्हता, मुलगा नव्हता. पाण्यावर करडा थर क्षणभर पसरला, मग भरतीने तो आत, पुलाकडे ओढून नेला. लोटाही त्यांनी सोडून दिला. तो भरला आणि बुडाला.

वर आल्यावर साबिराने त्यांच्या लुगड्याचा ओला काठ पिळून दिला.

गाडीत बसल्यावर इंदुबाईंनी स्वतःहून सुहासला फोन लावला.

"बांधला का?"

"नाही. सोडल्या. धरमतरला."

पलीकडे यंत्रांचा आवाज येत होता, तो एकदम बंद झाला. बहुतेक सुहास कुठल्यातरी खोलीत गेला होता.

"तू एकटीनेच? मला न विचारता?"

"हो."

"बाबांनी तसं सांगितलं होतं का तुला कधी?"

"नाही रे. त्यांनी काहीच सांगितलं नव्हतं."

"मग का?"



"मला ते परत कुठे टांगायचं नव्हतं," त्या म्हणाल्या.

सुहास रडायला लागला. लहानपणी रडायचा तसा, मध्येच श्वास ओढत. त्या ऐकत राहिल्या. त्यांना रडू आलं नाही. पायांना गार लागत होतं. "आई, फोन ठेवू नकोस," तो म्हणाला, म्हणून त्यांनी ठेवला नाही.